रात्रीच्या लाईटचा आठवडा, १० ते ६ नोकरी आणि विभागीय परीक्षा: झोप-अभ्यास कसा बसवावा? सल्ला हवा

कोरडवाहू:
परभणी जिल्हा. नोकरी १० ते ६, साडेतीन एकर हरभरा आणि गहू, मार्चमध्ये विभागीय परीक्षा. मोटारीची थ्री फेज लाईट आळीपाळीनं येते: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री १० ते पहाटे ६. रात्रीच्या आठवड्यात अभ्यास शून्य, आणि पुढच्या आठवड्याचे पहिले दोन दिवसही पेंगण्यात जातात. हरभऱ्याला तुषार सिंचन आहे, मध्यरात्री पाईप बदलावेच लागतात. कोणत्या सवयींमागं खरंच संशोधन आहे आणि त्या या वेळापत्रकात कशा बसतील? मिनिटं आणि वेळा धरून सांगा. "मन लावून करा" छापाचं नको.

हुरडा:
पहाटे चारला उठा भाऊ. जुनी माणसं तसंच करायची, कधी थकली नाहीत.

गोदातीर:
हुरडा, जुनी माणसं साडेआठला आडवी व्हायची, ते धरा की हिशोबात. अकराला झोपून चारला उठणं ही शिस्त नव्हे, उधारी आहे. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना सलग १४ रात्री अंथरुणात फक्त ६ तास दिले. शेवटी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. वाईट म्हणजे त्यांना स्वतःला तसं वाटत नव्हतं, "थोडी झोप येतेय, बाकी ठीक" असंच ते सांगत होते. त्यामुळे "मला पाच तास पुरतात" हे स्वतःच्या अंदाजानं ठरवू नये.

कोरडवाहू, तुमच्यासाठी पहिलं काम: दोन्ही आठवड्यांत सारखा राहील असा किमान चार तासांचा झोपेचा तुकडा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांवरच्या अभ्यासात याला नांगर-झोप (जहाजाचा नांगर, अँकर) म्हणतात. उरलेली झोप इकडे-तिकडे झाली तरी हा तुकडा हलला नाही तर शरीराचं घड्याळ फार सरकत नाही. तुमच्याकडे तो २ ते ६ बसतो.

रात्रीचा आठवडा असा:
१०:०० ला मोटार चालू, पाणी नीट फिरतंय का बघायचं. १०:१५ ते १:१५ झोप, शक्यतो आखाड्यावरच (शेतातल्या खोपटात), घरी जाण्या-येण्यात अर्धा तास घालवू नका. १:१५ ते १:५० पाईपचं काम. २:०० ते ६:३० परत झोप. सगळी मिळून साडेसात तास होते. दोन तुकड्यांत झाली म्हणून वाया जात नाही.

यात बिघडतं कुठं, तर १:१५ ला. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं अर्धवटच चालतं. त्या वेळात स्टार्टरला हात लावू नका. गजर वाजला की तोंड धुवा, बूट घाला, पाईपपर्यंत चालत जा, मग काम. आणि त्या वेळी मोबाईल उघडायचा नाही. एकदा स्क्रोल सुरू झालं की २ चे ३ होतात आणि नांगर सुटतो.

दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात साडेदहा ते सहा झोप. रविवारी फार तर तासभर उशिरा उठा. नऊपर्यंत लोळलात की रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार जातो. तुमचे ते "पहिले दोन दिवस" बरेचसे यामुळेच जात असावेत. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत २०-३० मिनिटं बाहेर उजेडात थांबा. ढगाळ असलं तरी बाहेर हजारो लक्स असतात, ट्यूबलाईटखाली दोन-तीनशे.

बालाघाट:
झोपेचं वर आलंय, मी अभ्यासाचं बोलतो.

नियमावली तिसऱ्यांदा वाचणं हा सगळ्यात महागडा अभ्यास. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा: उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा मार्चमध्ये आहे, पाच मिनिटांनी नाही.

दिवसाच्या आठवड्यात सकाळी ७:०० ते ७:५०. पहिली २० मिनिटं नवा भाग वाचायचा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर २० मिनिटं आठवेल ते: नियम क्रमांक, कुणाला किती अधिकार, मुदत किती दिवसांची. शेवटची १० मिनिटं पुस्तक उघडून लाल पेनानं चुका. त्या लाल खुणा हाच रात्रीच्या आठवड्याचा अभ्यास. तेव्हा नवं काही घ्यायचं नाही, जेवणाच्या सुट्टीत १५ मिनिटं फक्त लाल प्रश्न. "रात्रीच्या आठवड्यातही रोज दोन तास" असं ठरवाल तर दुसऱ्या दिवशी मोडेल, आणि मोडलं की माणूस सगळंच सोडतो.

सवय लागायला २१ दिवस हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४ (हा शेवटचा आकडा अंदाजानं पुढे ताणून काढलेला). त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नव्हता, आणि तुम्हाला कामाचं आहे ते हेच.

"सकाळी अभ्यास करीन" असं ठरवू नका. "चहाचा कप मोरीत ठेवला की खुर्चीवर बसून पान उघडीन" असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी हे 'अमुक झालं की तमुक' प्रकरण नव्वदच्या दशकात मांडलं, त्यावर पुष्कळ प्रयोग झालेत. खूण डोळ्यांसमोर घडणारी हवी. "वेळ मिळाला की" ही खूण होत नाही.

आणि धड्यांना किती दिवस लागतील याचा तुमचा अंदाज दीडपट करा. १९९४ मध्ये ब्युलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल विचारलं. सरासरी उत्तर ३४ दिवस, लागले ५५.

पॅनलवाला:
तुम्ही सगळे झोपेतच अडकलात राव. १:१५ चं काम ३५ मिनिटांचं आहे ते १० वर आणा.

चिखलात २० फुटी पाईप उचलायचेच कशाला? दोन लाईनी दिवसाउजेडी अंथरून ठेवा, मधे टी-जोड आणि दोन कॉक. पाईप कमी पडत असतील तर ज्याचा दिवसाचा आठवडा आहे त्याच्याकडून उसने घ्या. रात्री फक्त कॉक फिरवायचा. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी दुसरा कॉक पूर्ण उघडा, मगच पहिला बंद करा. झोपेत उलटं केलं की दाब वाढून जोड निसटतो, आणि मग पुढचा तास गेलाच.

पॅनलला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटार बंद करतो) आणि ड्राय रन (पाणी तुटलं की मोटार बंद करतं) हवंच, नाहीतर आखाड्यावर झोपूनही कान मोटारीकडेच. ड्राय रन चालू अँपिअरच्या साधारण ७०-८० टक्क्यांवर लावतात. नोजलमध्ये कचरा अडकला की पाणी कमी उचललं जातं, अँपिअर पडतो आणि विहिरीत पाणी असूनही मोटार ट्रिप होते. म्हणून फिल्टर आणि नोजल संध्याकाळी धुऊन ठेवा.

साधा ऑटो स्विच टाकू नका. लाईट आली की डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी बसतो, महावितरण ऑटो काढा म्हणतं ते यासाठीच. मोबाईल स्टार्टर घ्या आणि कपॅसिटर जोडा.

कोरडवाहू:
कॉकचं लगेच करतो. दोन शंका: दुपारी अडीचला ऑफिसात डोळे मिटतात, त्याचं काय? आणि चहा किती वाजेपर्यंत चालेल? रात्री साडेनऊला एक होतोच.

गोदातीर:
दुपारची सुस्ती जेवण न करताही येते, ती घड्याळाचीच उतरण आहे. पोटभर भाकरी आणि वर भात झाला की ती आणखी जाणवते इतकंच. उपाय १० मिनिटांची डुलकी. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये ५, १०, २० आणि ३० मिनिटं तपासली होती. १० मिनिटांचा फायदा उठल्याउठल्या दिसला, ३० वाल्यांना आधी जडपणा आला. गजर १५ मिनिटांचा लावा, पाच मिनिटं डोळा लागायला. टेबलावर डोकं टेकून चालतं. हिशोब, तपासणी अशी डोक्याची कामं ११ ते १ मध्ये घ्या. आवक-जावक, फोन, झेरॉक्स २ ते ३:३० मध्ये.

चहाचं: कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलं तरी तासाहून जास्त झोप कमी झाल्याचं २०१३ च्या अभ्यासात आढळलं. पण ४०० म्हणजे आपले आठ-दहा कप, तेव्हा साडेचारच्या एका कटिंगला घाबरायचं कारण नाही. साडेनऊचा तेवढा बंद करा. सवय हातात कप असण्याची असेल तर गवती चहा किंवा सुंठीचं पाणी.

साडेनऊला त्याऐवजी पाच मिनिटं वहीत लिहा: उद्याची कामं, आणि १:१५ ला कोणता कॉक आधी. २०१८ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी पुढची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी लवकर.

हुरडा:
मग गव्हाचं काय? तो सऱ्यांनी भिजतो, तिथं कॉक फिरवून भागत नाही. दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस लागतोच.

पॅनलवाला:
खरंय. गहू दिवसाच्या आठवड्यात, रात्रीला फक्त हरभरा. गव्हाचं पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना, पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, तेवढं चुकवता येत नाही. ते रात्रीच्या आठवड्यात येत असेल तर त्या दोन रात्री दारं धरायला गडी सांगा आणि मजुरी परीक्षेच्या खर्चात धरा.