आखाजीचे दिवस आणि चित्रांची मुदत

प्रश्न (यावल तालुक्यातून):
मी मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि त्यांची चित्रेही जलरंगात स्वतःच काढते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पुस्तक यावे म्हणून प्रकाशकाची मुदत एप्रिल-मेमध्येच पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या एकत्र घरात बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, काम निघते व आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलांसह माहेरी येतात. त्यांचे येणे मला मनापासून आवडते. अडचण पहाटेची आहे. पारा 44 अंशांवर गेला की पातळ रंग कागदावर पसरण्याआधीच सुकतो, त्यामुळे रंगकामाला पहाटच लागते; आणि बिबडेही ऊन चढण्याआधी थापून व्हावे लागतात. सासूबाई काही बोलत नाहीत, पण बिबडे थापायला धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) न जाता मी टेबलाशी बसले की मलाच अपराधी वाटते. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर (धुळे, चित्रकला शिक्षक):
ताई, कच्ची रेखाटने, शाईच्या रेषा आणि मजकुराची दुरुस्ती दुपारीही होते. पहाट केवळ रंगासाठी राखा. ज्वारी भिजत घातली की बिबड्यांचा घाटा (शिजवलेले घट्ट पीठ) कधी शिजणार हे कळतेच. तेवढ्या पहाटा घराला द्या आणि बाकीच्या आधी सांगून स्वतःकडे ठेवा. मी तरुणपणी असे काहीच न ठरवता रात्ररात्र चित्रे काढली. माझी मुलगी लहान असताना मी तिला बहुतेक झोपलेलीच पाहिली, आणि ती खंत अजून जात नाही.

उत्तर (अमळनेर, कथालेखिका):
सरांचे म्हणणे उपयोगी आहे, पण त्यात सगळी तडजोड ताईंनीच करायची आहे. आपल्याकडे लिहिणाऱ्या बाईला लगेच बहिणाबाईंचे उदाहरण देतात, की त्यांनी जात्यावर आणि शेतात राबतानाच ओव्या रचल्या. खरे आहे, परंतु त्यांना लिहिता येत नव्हते, आणि त्या ओव्या आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुलाने, सोपानदेवांनी, व घरातल्यांनी टिपून ठेवल्या म्हणून. 1951 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1952 मध्ये निघाले. ताई, तुमचे यजमान पहाटे काय करतात, हे तुम्ही लिहिलेच नाही.

प्रश्नकर्ती:
ते केळीच्या बागेत ठिबक सुरू करायला जातात. ते काम चार दिवस दीरही पाहू शकतील, आणि घाटा घोटायला जी ताकद लागते ती ह्यांच्या हातात आहे. मी कधी विचारलेच नव्हते. आज जेवताना सासूबाईंसमोरच विचारते.