मदत हवी आहे: मामंजींचे विंटर फ्युएलचे पैसे परत जाणार का?

स्लावची_सून: मामंजींना पत्र आलंय. विंटर फ्युएल पेमेंट (पेन्शनरांना हिवाळ्यात घर तापवायला ब्रिटिश सरकार देतं ते) मिळणार, पण उत्पन्न जास्त असेल तर टॅक्समधून परत घेणार म्हणे. ते हटून बसलेत, घ्यायचंच नाही, फोन करून सांग. सासूबाईंचं काय? गेल्या हिवाळ्यात दमडी मिळाली नाही आणि यंदा, २०२५ ला, हा घोळ. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा प्लीज, संध्याकाळच्या आत हवंय.

लेस्टरकर: वय? उत्पन्न? दोघं एकाच घरात? काहीच न सांगता 'नक्की' कसं सांगायचं?

एडिंबरा_आजी: अगं, ते सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड देतं. यंदा २०३.४० पौंड, घरात ८० किंवा त्यापुढचं कोणी असेल तर ३०५.१०.

लेस्टरकर: आजी, स्लाव इंग्लंडात आहे हो.

ऊबदार: दोनशे पौंडांनी काय होतंय? आधी रेडिएटरमधली हवा काढा. वरचा भाग गार आणि खालचा गरम लागतो का ते हात लावून बघा. मग लॉफ्टचं इन्शुलेशन.

स्लावची_सून: रेडिएटरचं विचारलंच नाहीये. मामंजी ८१, सासूबाई ७६, आमच्या शेजारच्या गल्लीत दोघंच राहतात. मामंजींची सगळी पेन्शनं मिळून वर्षाला ३३ हजार पौंड, सासूबाईंचं ११. एकूण ४४, म्हणजे गेलेच ना?

टॅक्सवाले_काका: बेरीज करायची नाही! ३५,००० ची मर्यादा माणशी आहे, घराची नाही. या वयांना मामंजींना २०० आणि सासूबाईंना १०० मिळतात. ज्याचं उत्पन्न ३५ च्या वर, त्याचाच वाटा परत जातो. मात्र एक पौंड जरी वर गेला तरी त्याचा वाटा पूर्ण जातो. व्याज किती येतं? आयसातलं (करमुक्त बचत खात्यातलं) धरू नका. आणि भारतात काही?

लेस्टरकर: घरात ४४ हजार येतात त्यांना हे पैसे हवेत कशाला? २०२४ ला अर्थमंत्री रीव्हजबाईंनी पेन्शन क्रेडिटवाले (कमी उत्पन्नामुळे सरकारी मदत मिळणारे) सोडून बाकीच्यांचे बंद केले तेच बरोबर होतं.

एडिंबरा_आजी: बरोबर कसलं? पेन्शन क्रेडिट चार पौंडांनी हुकलेली माणसंही त्यात भरडली गेली. म्हणून तर जून २०२५ मध्ये माघार घ्यावी लागली.

पुण्यात_परत: तुमचं बरंय. आम्ही भारतात आलो तर हे पैसे नाहीत, आणि स्टेट पेन्शनही आलो त्या दिवशीच्या आकड्यावर गोठलं. त्यावर कोणी धागा काढत नाही.

स्लावची_सून: काका, व्याज नाहीच म्हणा. ठाण्याचा फ्लॅट आहे, महिना ४० हजार रुपये भाडं. पण ते तिकडच्या खात्यात पडतं, इकडे कुठे येतं?

टॅक्सवाले_काका: हेच आधी सांगायचं! इकडे राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न धरतात, खातं कुठे का असेना. वर्षाचे साधारण चार हजार पौंड झाले. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर निम्मं निम्मं, मग मामंजी अगदी काठावर. सोसायटीचा मेंटेनन्स वजा केला तर आत बसतील. एकट्या मामंजींच्या नावावर असेल तर गेले. फ्लॅट कोणाच्या नावावर?

स्लावची_सून: विचारलं. एकट्या मामंजींच्या. मग फोन करू की नको?

टॅक्सवाले_काका: नको. यंदा नाही म्हणायची मुदत १५ सप्टेंबरलाच संपली. पैसे येऊ द्या. स्टेटमेंटवर 'डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी' असं दिसेल. मामंजींचे २०० बाजूला ठेवा, सासूबाईंचे १०० त्यांचेच. 'पैसे परत करायला लिंक दाबा' असा एसएमएस आला तर तो भामट्यांचा. पण खरा प्रश्न भाड्याचा आहे. ते आजवर इकडच्या रिटर्नमध्ये दाखवलंय का?

स्लावची_सून: रिटर्न? ते तर कधीच भरत नाहीत.

टॅक्सवाले_काका: मग दोनशे पौंडांचं विसरा आणि याच आठवड्यात अकाउंटंट गाठा. भारतात कर भरला असेल तर त्याच्या पावत्या घेऊन जा, त्याची वजावट मिळते. टॅक्स खात्याचं पत्र यायच्या आत आपण होऊन सांगितलेलं बरं, दंड कमी बसतो.

पुण्यात_परत: ठाण्यात कुठे आहे फ्लॅट? घोडबंदरला असेल तर ४० फार कमी घेताय.