प्रश्नावलीने चिनी प्रौढांची सौंदर्यशस्त्रक्रियेविषयीची वृत्ती खरोखर कळते का?

शांघायकर:
सौंदर्यशस्त्रक्रिया माणसाला कितपत मान्य आहे हे मोजणाऱ्या स्वीकृती-प्रश्नावलीचे चिनी रूपांतर संख्याशास्त्राच्या कसोट्यांना उतरले, म्हणजे चिनी प्रौढांची वृत्ती मोजून झाली, असे 'मोजमाप' यांनी काल लिहिले. हे मुळीच पटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ प्रश्नावली २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यात १५ विधाने असून प्रत्येकापुढे १ (मुळीच मान्य नाही) ते ७ (पूर्ण मान्य) पैकी आकडा निवडायचा असतो. जोडीदाराला योग्य वाटले तर, नोकरीत फायदा होणार असेल तर, असे त्यात विचारले आहे. आईवडिलांचे नावही नाही. आमच्या शेजारच्या मुलीची गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा, संपली आणि त्याच उन्हाळ्यात आईने तिला पापणीवर घडी पाडून घ्यायला नेले. पैसे आईचे, डॉक्टरही आईनेच ठरवलेला. त्या मुलीने 'शस्त्रक्रियेचा विचार करीन' अशा विधानापुढे ६ निवडले असते, तर तो आकडा कोणाच्या वृत्तीचा मानायचा?

मोजमाप:
'विश्वासार्ह साधन हाती आले' एवढेच मी म्हटले होते. स्वतःचे समाधान, सामाजिक लाभ आणि प्रत्यक्ष करून घेण्याची तयारी हे तीन भाग मूळ प्रश्नावलीत वेगळे ठेवले आहेत, ते उगाच नव्हे. शेजारच्या एका मुलीवरून अख्ख्या देशाचे मन ओळखणे हे संशोधन नव्हे. शिवाय विधाने बदलली, तर इतर देशांशी तुलना कशाच्या आधारावर करायची?

अदिती_ग्वांगझू:
नोकरीच्या विधानाबद्दल बोलायलाच हवे. चीनमध्ये अर्जाला फोटो जोडण्याची पद्धत सर्रास आहे. मी तिथे मनुष्यबळ विभागात होते. आमचे वरिष्ठ आधी फोटो पाहत आणि मग पदवी. अशा बाजारात एखादी मुलगी त्या विधानापुढे ७ निवडते, तेव्हा ती शस्त्रक्रियेला मान्यता देत नसते, आपल्यावरचा दबाव सांगत असते. आपण मात्र त्याला स्वीकृती म्हणून मोकळे होतो.

साताऱ्याचा वैद्य:
दबाव जाहिरातींचाही आहे, आणि त्याची मला मनापासून चीड आहे. दिसण्याची चिंता पेरणाऱ्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी तिथल्या बाजार-नियामकाला नोव्हेंबर २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. २०१० मध्ये वांग बेई ही तरुण गायिका वूहानमध्ये चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेत दगावली. २०२१ मध्ये अभिनेत्री गाओ लिऊने शस्त्रक्रियेनंतर काळ्या पडलेल्या नाकाच्या शेंड्याचे फोटो जाहीर केले. असे फोटो पाहण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तीच व्यक्ती तेच आकडे देईल का?

मोजमाप:
धागा मोजमापाचा आहे. नोकरभरती आणि जाहिराती यांवर वेगळा धागा काढा. प्रत्येकजण आपले जुने गाऱ्हाणे इथे आणू लागला, तर चर्चा कशी व्हायची?

अदिती_ग्वांगझू:
गाऱ्हाणे? नोकरीचे विधान प्रश्नावलीतच आहे, ते मी बाहेरून आणलेले नाही. फोटोवरून बाजूला पडलेले अर्ज तुम्ही पाहिले असते, तर हा शब्द वापरला नसता.

शांघायकर:
तुलनेसाठी मूळ १५ विधाने जशीच्या तशी राहू द्यावीत, हा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. परंतु चिनी प्रौढांसाठी आईवडील आणि मालक यांच्याविषयीची विधाने जोडा, आणि त्यांची बेरीज स्वतंत्र ठेवा.

मोजमाप:
स्वतंत्र बेरजेला माझी हरकत नाही. मूळ साधन निरुपयोगी आहे, हे मात्र मी मान्य करणार नाही. आणि आईच निर्णय घेते असे म्हणायचे असेल, तर विशीतल्या विद्यार्थिनींवर न थांबता चाळिशी-पन्नाशीतल्या आयांकडूनही तीच प्रश्नावली भरून घ्या.