"तुझी आकडी व तुझी काठी": इथे 'आकडी'ला दुसरा शब्द कोणता?

शेवंती
आईच्या मेंदूत गाठ निघाली आहे. तिच्यामुळे दोन महिन्यांपासून आईला आकड्या येतात. परवा सकाळी ऑपरेशन. काल रात्री वॉर्डात तिने मला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायला सांगितलं. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस" इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. पुढे "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" आलं आणि माझा दहा वर्षांचा मुलगा मध्येच म्हणाला, "म्हणजे आजीला आकडी देव देतो?" आईची पहिली आकडी त्यानेच पाहिलेली. ती ओट्यापाशी पडली होती आणि गॅसवर दूध उतू जात होतं. मी सांगितलं, अरे ही मेंढपाळाची आकडी, वाकड्या टोकाची. तो गप्प बसला, पण त्याला पटलेलं नाही.
आईच्या उशाशी हे वचन मोठ्या अक्षरांत लिहून लावायचंय. 'आकडी'च्या जागी काय लिहू? चर्चमधले एक वडीलधारे म्हणतात, वचनाला हात लावायचा नाही.

नगरी
ताई, आईंना बरं वाटो. प्रार्थनेत नाव घेतो.
शब्द बदलू नका असं मीही म्हणेन, पण माझं कारण वेगळं. आमच्या घरी मेंढरं होती. आकडी म्हणजे लांब बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेला लोखंडी आकडा. एप्रिल-मेमध्ये रानात हिरवं काही उरत नाही. तेव्हा वडील बाभळीखाली उभे राहून आकडी वर घालायचे आणि एक हिसडा द्यायचे. शेंगा, पाला खाली पडायचा. वडिलांनी आकडी खांद्यावर घेतली की पांगलेली मेंढरं पळत यायची. आकडी धीर कशी देते, हे मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही. मुलाला हे सांगून बघा.

भाषांतरकार
नगरी, चित्र सुंदर आहे, पण मूळ शब्द तो नव्हे. हिब्रूत पहिला शब्द 'शेबेट'. दांडा, सोटा. राजदंडालाही हाच शब्द, आणि 'वंश' या अर्थानेही हाच. दुसरा शब्द 'मिश्एनेत', तो टेकणे या धातूवरून आलाय, म्हणजे टेकायची काठी. एक शत्रूला हाणायला, दुसरी आपल्याला आधाराला. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो मेंढपाळ दावीद शौल राजापुढे सांगतोच की सिंह आणि अस्वल कळपातलं कोकरू उचलायचे, तेव्हा मी पाठलाग करून ते त्यांच्या तोंडातून सोडवायचो. तिथे पाला पाडायची आकडी काय कामाची? "तुझा सोटा व तुझी काठी" लिहा. मुलाचीही शंका मिटेल.

पारिजात
सोटा? आजारी बाईच्या उशाशी? मराठीत सोटा म्हटलं की पाठ आठवते. कोशात बरोबर असलेला शब्द कानात चूक असू शकतो. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, ते कशासाठी? त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना वाचताना अडू नये म्हणून. त्या न्यायाने, आज शहरातल्या मुलाला 'आकडी' म्हणजे फेफरंच ठाऊक असेल तर शब्द बदलणं हेच त्या परंपरेला धरून होईल.

नगरी
मग शहरातल्या मुलाला जे ठाऊक नाही ते सगळं काढून टाकायचं का? उद्या 'मेंढपाळ'ही जाईल.

जुना कोश
आकडीवरच का अडलात? त्याच ओवीत 'अरिष्ट' आहे. संस्कृतात अ-रिष्ट म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते. त्याच शब्दाचा अर्थ पुढे संकट, अपशकुन असाही झाला. औषधातलं दशमूलारिष्ट अजून आपण पितोच. मला वाटतं, भीतीपोटी माणसं वाईटाला चांगलं नाव देतात, तसं हे झालं असावं. (हा माझा तर्क, कोणी खोडला तर आनंदच आहे.)

भाषांतरकार
ओवी नव्हे, वचन.

वसईवाला
मला 'भिणार नाही' वर बोलायचंय. हे "मला भीती वाटणार नाही" असं नाही, नीट बघा. भीती 'मला' वाटते, ती आपोआप येते, तिच्यावर माझी सत्ता नाही. भिणं मात्र 'मी' करतो. आमच्या कोळीवाड्यात आजोबा सांगायचे. एकदा वाऱ्याने होडी फिरली, त्यांचे दात वाजत होते, तोंडातून प्रार्थनेचा शब्द नीट फुटत नव्हता. पण सुकाणूवरचा हात त्यांनी काढला नाही. त्यांना भीती वाटली होती, पण ते भ्यायले नाहीत. छपन्नाव्या स्तोत्रात तर सरळच आहे की भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती संपल्यावर ठेवीन, असं तिथे नाही. शेवंतीताई, आईंना भीती वाटत असेल तर त्यांचा विश्वास कमी आहे असं त्यांना कोणी म्हणू देऊ नका.

भाषांतरकार
विचार पटतो, व्याकरण नाही. हिब्रूत 'यारे' हा एकच धातू, दोन्हीकडे तोच. तुम्ही दाखवलेला फरक मराठीचा आहे, दावीदाचा नाही. आणि "परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ" यातलं भयही त्याच धातूचं. तिथे काय कराल?

वसईवाला
मराठीत म्हणतोय तर मराठीचाच फरक लागणार ना! माझ्या आजोबांना हिब्रू येत नव्हतं.

पारिजात
'परमेश्वराचे भय' मुळात बदलायला हवं. 'धाक' किंवा 'आदर'.

नगरी
आदर फार मिळमिळीत आहे. आदर पाहुण्यांचा करतात. 'भय धरणे' यात धरण्याची गोष्ट आहे, जसा धीर धरतो तशी.

शेवंती
सगळ्यांचे आभार. दुपारी मुलाला नगरींची बाभळीची गोष्ट वाचून दाखवली. त्याने वहीत झाड काढलं, खाली सात मेंढ्या. आकडी मात्र सरळच काढलीय, आकडा नाही. आई म्हणाली, राहू दे तशी. वसईवाल्यांचं तिला वाचून दाखवलं नाही, तिला रडू येईल असं वाटलं. मग तिनेच विचारलं, अजून काय लिहिलंय, तेव्हा दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.
कागदावर काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. 'तू माझ्याबरोबर आहेस' एवढंच लिहू का?

जुना कोश
त्यात एक गंमत आहे ताई. स्तोत्राच्या पहिल्या तीन वचनांत 'तो' आहे. तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. दरी आली की एकदम 'तू' होतं.

भाषांतरकार
दरीबद्दलही वाद आहे. 'मृत्युच्छाया' की नुसता 'गडद अंधार', यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पारिजात
ते वेगळ्या धाग्यावर घ्या. माझा प्रश्न 'भय'चा आहे आणि त्याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

नगरी
मेंढरं भीत नाहीत, बुजतात. भाषांतरात 'बुजणे' कुठे आलंय का कोणी पाहिलंय?

वसईवाला
आणि अरिष्टाला भिणे की अरिष्टापासून भिणे? आमच्याकडे 'ला'च म्हणतात. कुत्र्याला भितो, बापाला भितो.