ठमीच्या डोळ्याखाली टणक गाठ आली आहे, काय असेल?

परसातली
चार कोंबड्या पाळल्यात, अंड्यांसाठी कमी आणि करमणुकीसाठी जास्त. त्यातली ठमी दोन वर्षांची, करड्या ठिपक्यांची, महाभांडकुदळ. गेल्या रविवारी दाणे टाकताना दिसलं की उजव्या डोळ्याखाली, नाकपुडीच्या बाजूला काहीतरी फुगलंय. तेव्हा करंगळीच्या नखाएवढं होतं, आज आठव्या दिवशी अंगठ्याच्या पेराएवढं झालंय. दाबलं तर खड्यासारखं लागतं. डोळा अर्धा झाकलाय, त्यामुळे दाणा टिपायला जाते आणि चोच दोनदा नुसती मातीत आपटते. बघवत नाही हो. खातेय, पण तीन दिवस अंडं नाही. बाकी तिघी ठणठणीत. अंग हाताला कढत लागतंय, ताप असेल का? घरातून सल्ला मिळालाय की सुई तापवून टोच, पू निघून जाईल. माझा हात धजत नाही.

जुना_कोंबडेवाला
बरं झालं धजला नाही. सुई ठेवून द्या.

कोंबडीचा पू माणसासारखा पातळ नसतो. तो विरघळवणारं एक एन्झाइम पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत नसतंच, त्यामुळे पू सुकून खोडरबरासारखा गोळा होतो. सुईच्या भोकातून तो येणार कसा? येईल ते रक्त. हा उद्योग मी एकदा केलाय. कोंबडी वाचली, डोळा गेला.

तापाचं म्हणाल तर निरोगी कोंबडीचंही अंग ४१ अंशांच्या आसपास असतं. आपल्या हाताला ते कढतच लागणार.

तुम्ही सांगताय ती जागा सायनसची आहे. तिथे कातडीखाली लगेच पोकळी असते, बाहेरच्या बाजूला हाड नसतं, म्हणून आत काही साचलं की गाल फुगतो. आता तीन गोष्टी बघून सांगा: नाकातून पाणी आणि घाण वास येतो का, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का, रात्री खुराड्याजवळ कान दिला तर घरघर ऐकू येते का. वास असेल तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची साथीची सर्दी. तो वास एकदा घेतला की विसरत नाही, आणि हा रोग एक ते तीन दिवसांत शेजारणीलाही धरतो. फेस आणि घरघर असेल तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा रोग, ज्याला सगळे सीआरडी म्हणतात, म्हणजे श्वासाचा चिवट आजार. यातलं काहीच नसेल आणि एकाच बाजूला टणक गाठ असेल, तर आत गोळा धरलाय समजा. तो कापूनच काढावा लागतो.

तोवर तिला वेगळी ठेवा. भांडंही वेगळं.

तुरेबाज
कोंबड्यांना येणारी देवी पण असू शकते. डास चावून पसरते. तुऱ्यावर, पापण्यांवर काळसर खपल्या दिसतात का बघा. खपल्या काढायच्या नाहीत, तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात.

(माझ्या शेंडीवाल्या पोलिश कोंबडीच्या डोक्यावरचं टेंगूळ बघून मी रात्रभर झोपलो नव्हतो. त्या जातीची कवटीच तशी असते, हे नंतर कळलं. हसा.)

जुना_कोंबडेवाला
हसलो. पण एक गंभीर गोष्ट राहिली. डोकं सगळंच सुजलं, तुरा निळा-काळा पडला आणि एकामागून एक पटापट मरायला लागल्या, तर तो बर्ड फ्लू असू शकतो. मग उघड्या हाताने काही शिवायचं नाही, सरळ पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं. ठमीचं तसं दिसत नाही.

परसातली
रात्री कान देऊन बसले होते. घरघर नाही, फेस नाही, खपल्या नाहीत. वास घेतला तर ठमीने माझं नाक टोचलं, पण घाण वास नव्हता. उजवी नाकपुडी मात्र बुजल्यासारखी दिसतेय. उद्या दवाखान्यात नेते.

नुसतीच_वाचक
नेताना टॉवेलमध्ये गुंडाळा, पण छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. घट्ट धरलेली कोंबडी गप्प झाली की आपल्याला वाटतं शांत झाली. ती गुदमरत असते.

परसातली
करून आलो. पहिल्या डॉक्टरांनी "मी फक्त कुत्री-मांजरं बघतो" म्हणून हात वर केले, दुसऱ्या बाईंनी घेतली. भूल देऊन छोटा छेद केला आणि चिमट्याने आख्खा पिवळा गोळा काढला. खोडरबरच! मधोमध गवताचं कुसळ. खुराड्यात मीच वाळकं गवत अंथरलं होतं, तेच नाकातून वर गेलं असावं असं त्या म्हणाल्या. डोळ्यातल्या कुसळाची म्हण आजवर दुसऱ्यांना ऐकवत आले, आता आमच्या घरात ती मलाच ऐकवतायत. गवत काढून लाकडाचा जाड भुसा घातलाय.

जखम धुवायला सलाइन दिलंय, अँटिबायोटिक चालू आहे. अंडी कधीपासून खायची ते त्याच सांगणार आहेत. लाल जखम दिसली की बाकीच्या तिघी टोचतील, म्हणून ठमी जाळीच्या पेटीत एकटी आहे आणि जाळीतून त्यांच्यावर डाफरतेय. डोळा पूर्ण उघडलाय. आज पहिल्याच फटक्यात दाणा टिपला.

अंडंही दिलं. जिवावर आलं, पण टाकून दिलं.