दरवाजे जपले, तटाचं काय?

खामकाठी:
आमच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकई, रोशन, भडकल, काही ना काही निमित्ताने यांना नवा मुलामा मिळतो, दिवे लागतात, फोटो निघतात. पण दरवाजा कशात असतो? भिंतीत. ती भिंत आज फक्त तुकड्यातुकड्यांनी उरलीय. कुठे घराची मागची बाजू झालीय, कुठे गोठ्याला टेकलीय, कुठे घडीव दगड काढून नेल्यावर नुसता भराव दिसतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: दरवाजांवर खर्च होतोय तेवढाच तटावर व्हायला हवा, नव्हे, आधी तटावर. कारण दरवाजा पडायला आला तर गाव ओरडतं. तटाचा दगड रोज एक गेला तरी कुणाला कळत नाही.

रोजचीवाट:
तुम्हाला तट दिसतो, मला रांग दिसते. काही वर्षांपूर्वी आईला बेगमपुऱ्यातून घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेत होतो. समोरून आलेला टेम्पो कमानीत, मागे शाळेच्या रिक्षा, आम्ही मध्ये. वीस मिनिटं. आईचा हात माझ्या हातात होता आणि मी त्या कमानीकडे बघून चिडत होतो, हे मी लपवत नाही. दौलताबादला वेरूळच्या रस्त्यावर तटाच्या दरवाजात गाड्या अडकायच्या, तेही सगळ्यांनी पाहिलंय. घोडे-पालख्यांसाठी बांधलेल्या मापात आजचं शहर बसत नाही. दरवाजे स्मारक म्हणून ठेवा, दोन्ही बाजूंनी रस्ता काढा. आड येणारा तट काढावा लागला तर काढा.

खामकाठी:
आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तो राग खरा आहे. कमानीतून जड वाहनं जाऊ नयेत, बाजूने पूल व्हावेत, हे मीही म्हणतो. ट्रकचा धक्का लागून कमानीचे दगड हलतात, म्हणजे ते दरवाजाच्याही भल्याचंच आहे. पण ‘आड येणारा तट काढा’ हे वाक्य कुठे थांबतं? मुंबईचा कोट १८६० च्या दशकात पाडला. त्या कोटाचा एक दरवाजा चर्चगेट, आज ते फक्त स्टेशन. अहमदाबादेत तट गेला, दरवाजे राहिले, ते चौकाच्या मध्ये एकटे उभे आहेत. बाहेरचा माणूस विचारतो, इथून कुठे शिरायचं होतं?

साधाप्रश्न:
मला दुसरंच बोलायचंय. हा तट औरंगजेबाने १६८२ मध्ये घातला, तोही मराठ्यांच्या विरोधात. शिवरायांच्या किल्ल्यांचे बुरूज ढासळताहेत, राजगड-तोरण्याला पैसा कमी पडतो. मग आपल्यावर चालून आलेल्याच्या भिंतीला आधी का? पैसा मर्यादित असतो, क्रम लावावाच लागतो.

देवडी:
साधाप्रश्न, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. हा तट घालावा लागला तो मराठ्यांच्या अचानक पडणाऱ्या छाप्यांमुळे. दख्खनेत उतरलेल्या बादशहाला आपल्याच शहराभोवती भिंत उभारावी लागली. आपल्या घोडदळाच्या धाकाची खूण याहून मोठी कुठली? आणि शहर एकट्या औरंगजेबाचं नाही. १६१० मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं, १६१२ चा भडकल दरवाजा मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. शहराला पाणी आणणाऱ्या नहरीही त्याच्याच. आज त्याच भडकल दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे, १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दगडांवर किती जणांचा हक्क साठलाय ते बघा.

साधाप्रश्न:
धाकाची खूण हे पटलं, त्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. क्रमाबद्दलचं मत बदललेलं नाही. आधी गडकोट.

चुनागच्ची:
मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून एक सांगतो. ‘खर्च करा’ म्हणताना कशावर ते बघा. एका तटाच्या डागडुजीत मी पाहिलं, सांधे सिमेंटने भरले होते. वरून चकाचक. पण जुना तट पाणी पितो आणि चुन्याच्या सांध्यांतून ते बाहेर सोडतो. सिमेंटने वाट बंद केली की ओल दगडात अडकते, क्षार फुलतात, दगडाचा पापुद्रा सुटतो. चार पावसाळ्यांत सांधा शाबूत आणि दगड खंगलेला. चुना आठवडे भिजवावा लागतो, चुन्याच्या घाण्यात मळावा लागतो, सुरखी म्हणजे विटांची पूड घालावी लागते. गूळ, बेलफळ कुठे किती घालायचं हे हाताला कळतं, तक्त्यात मिळत नाही. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट जोमाने येतो, मूळ मारावं लागतं. हे येत नसेल तर तटाला हात न लावलेला बरा. तोवर तो निदान स्वतःच्या चालीने झिजेल.

खामकाठी:
हे माझ्या मूळ म्हणण्यात नव्हतं, आणि हवं होतं. दगड चोरीला जाणं थांबवायला मात्र घाणा लागत नाही. उरलेला प्रत्येक तुकडा मोजून नकाशावर आणणं, त्याला क्रमांक देणं, एवढं उद्या सुरू होऊ शकतं.

रोजचीवाट:
मोजणीला माझी हरकत नाही, आमच्या गल्लीमागचा तुकडा मीच दाखवतो. पण तटाला टेकून तीन पिढ्या राहिलेली घरं आहेत. क्रमांक पडला की उद्या त्यांच्या दारावर नोटीस लागेल, हे त्यांना आधी कोण सांगणार? आणि बाजूचा पूल आधी, दुरुस्ती मग. यावर मी हटणार नाही.