बार्जेलो: जाणत्या डिझायनरांच्या कामातून शिकायचं कसं?

सुईदोरा_सोलापूर:
नमस्कार. मी बार्जेलोचे, म्हणजे जाळीच्या कापडावर उभ्या टाक्यांनी भरायच्या लोकरीच्या नक्षीचे, तयार ग्राफ बघून उशांचे अभ्रे भरते. कापडाच्या चार दोऱ्यांवरून उभा टाका, शेजारचा दोन दोरे वर, हे हातात बसलंय. आता स्वतःची नक्षी मांडायची आहे. इथे शिकवणारं कुणी माहीत नाही. चांगल्या डिझायनरचा ग्राफ समोर असेल तर त्यात नेमकं काय बघायचं?

ग्राफवाले_काका:
ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या जेकार्डचे (मागावर विणायच्या नक्षीचे) ग्राफ काढण्यात उमर घालवली. बार्जेलो मला सुनेनं दाखवलं, तेव्हापासून रोज बघतो. आधी रंग विसरा. फक्त पहिली ओळ पेन्सिलीनं चौकटीच्या कागदावर उतरवा, कारण खालच्या-वरच्या सगळ्या ओळी तिच्याच मागे जातात.

मग टाके मोजा. एकेक टाका दोन-दोन घरं चढत गेला की टोक येतं, ज्वाळेसारखं. एकाच उंचीवर दोन-तीन टाके शेजारी बसले की कमान गोल होते. चढावर एकेक, माथ्याजवळ दोन, माथ्यावर चार. हा हिशोब कुणी कसा केलाय ते बघा की, डिझायनरचं सगळं डोकं तिथं असतं. चादरीवरच्या मोरपिसाचा गोलवा आम्हीही माथ्याला आडवी घरं वाढवूनच काढायचो. आणि पायरी टाक्याएवढी उंच करू नका, शेजारचे टाके एकमेकांना धरत नाहीत.

लोकर_आणि_मी:
काकांशी सहमत. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो म्युझियममधल्या ज्या १७व्या शतकातल्या खुर्च्यांवरून हे नाव पडलं, त्यांचे फोटोही बघा. चारही बाजूंनी मध्याकडे येणारी नक्षी हवी असेल तर दोन छोटे आरसे काटकोनात जोडून ग्राफवर उभे करा, दोन्ही ओळीशी ४५ अंशांत. थोडे सरकवले की नवी नक्षी दिसते. आवडली तिथे कोपऱ्याची रेघ मारायची.

सुईदोरा_सोलापूर:
काका, आजच एक ओळ उतरवली. माथ्यावर पाच टाके निघाले, उताराला एकेक! रंग कधी घ्यायचे मग?

ग्राफवाले_काका:
ओळ पक्की झाल्यावर. एकाच रंगाच्या पाच छटा गडदकडून फिकटकडे लावा, आणि तीच ओळ शेजारी उलट क्रमानं भरा. दोन्ही तुकडे भिंतीला लावून लांबून बघा. फोटो इथं टाका, मी ग्राफ तपासून देतो.